मॅडम, पुश?

चेन्नईजवळच्या कोवलमच्या किनाऱ्यावर, मुक्कामाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमारास, छातीभर पाण्यात माझ्या सर्फबोर्डाच्या शेपटीशी उभ्या असलेल्या मुलाने विचारले, "मॅडम, पुश?" मागून लाट येत होती. मी मान वळवून तिच्याकडे पाहिलेही नाही आणि "हो" म्हणून मोकळी झाले. त्याने तळहात टेकवला, क्षणभर थांबला आणि नेमक्या वेळी बोर्ड पुढे लोटला. मी उभी राहिले. लाट मला पार उथळ पाण्यापर्यंत घेऊन गेली, बोर्डाखालचे फिन वाळूला घासले तेव्हा कुठे मी उतरले. एरवी अशा लाटेनंतर मी दिवसभर खुशीत असते. पण आदल्या संध्याकाळी मीच त्याला सांगितले होते, की उद्यापासून मला ढकलू नकोस, माझी लाट मला घेऊ दे. ते तो विसरला नव्हता. विसरला नव्हता म्हणूनच त्याने विचारले होते. नाहीतर त्याआधीचे दोन दिवस तो न विचारताच ढकलत होता.

ते "हो" माझ्याबरोबर नागपूरपर्यंत आले.

चेन्नईहून परतताना बल्लारशा मागे पडल्यावर मी बर्थखालची चप्पल काढायला वाकले आणि नाकातून खारे पाणी घळकन खाली सांडले. ज्यांनी समुद्रात धडपडून गटांगळ्या खाल्ल्या आहेत त्यांना हा अनुभव ओळखीचा असेल. कपाळामागच्या पोकळ्यांत साठलेले पाणी कित्येक तासांनी, भलत्याच ठिकाणी, असे अचानक बाहेर येते. समोरच्या बाईंनी काळजीने रुमाल पुढे केला. मी तो नाकाला लावला आणि बंगालच्या उपसागराचे ते चार थेंब विदर्भात पोहोचले याचा मला एकीकडे विलक्षण आनंद झाला आणि दुसरीकडे त्या "हो"ची बोच पुन्हा वर आली. नागपूर स्थानकात उतरल्यावर फलाटाच्या टोकाला असलेल्या पिवळ्या पाटीकडे हल्ली माझी नजर जातेच. गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. आपल्या शहराची उंची तीनशे मीटरच्या वर आहे. लहानपणापासून ती पाटी पाहिली, पण त्या ओळीत "समुद्र" हा शब्द आहे हे पंचेचाळिशीत पहिल्यांदा जाणवले.

सर्फिंगचे वेड मला लागले ते 2021 च्या जुलैमध्ये. बाहेर पावसाळी उकाडा, घरात सगळे दार लावून बसलेले, आणि दूरदर्शन संचावर टोकियो ऑलिम्पिक. त्या वर्षी सर्फिंग पहिल्यांदाच ऑलिम्पिकमध्ये आले होते. पुरुषांच्या अंतिम फेरीत ब्राझीलच्या इतालो फेरेराचा बोर्ड सुरुवातीलाच मोडला, त्याने दुसरा घेतला आणि सुवर्णपदक जिंकले. नंतर त्याच्याविषयी वाचले, की मासे विकणाऱ्या वडिलांच्या शीतपेटीचे थर्मोकोलचे झाकण हा त्याचा पहिला बोर्ड होता. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. लाट म्हणजे काय, तरंगलांबी आणि कालावधी यांचे नाते काय, हे मी वीस वर्षे फळ्यावर काढत आले आहे, आणि तोवर एकाही लाटेत कमरेच्या वर गेले नव्हते. थर्मोकोलच्या झाकणाची ती गोष्ट वाचून मला वाटले, ज्याला कोणी शिकवले नाही तो इतका पुढे गेला, मग शिकवणारा असेल तर मला निदान उभे राहता तरी येईल.

उभे राहता आले, आणि तेही पहिल्याच दिवशी. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका ठिकाणी तीन दिवसांचे शिबिर होते, तिथे सगळेच पहिल्या दिवशी उभे राहत होते. प्रशिक्षक फुटून गेलेल्या लाटेच्या पांढऱ्या फेसात बोर्ड धरून ठेवायचे, "अप, अप" असे ओरडायचे आणि ढकलायचे. तिसऱ्या दिवशी माझे छायाचित्र निघाले. हात पसरलेले, तोंडभर हसू. ते घरच्या सगळ्यांना आवडले. पण पुढच्या वर्षी एकटीने बोर्ड भाड्याने घेऊन मी दोन सकाळी पाण्यात काढल्या आणि एकही लाट मला मिळाली नाही. एकही नाही. लाट माझ्याखालून निघून जायची, किंवा माझ्यावर फुटायची, किंवा बोर्डाचे नाक पाण्यात खुपसून मला डोक्यावरून पलीकडे फेकायची. गेल्या वर्षी जे येत होते ते कुठे गेले, या प्रश्नाने मी खरोखर खचले. ते मुळात कधी माझ्याकडे नव्हतेच, हे उत्तर उमगायला आणखी वर्ष गेले.

त्या तळहाताच्या आत काय काय असते ते मी नंतर वहीत मांडून पाहिले. हिंदी महासागराच्या दक्षिणेला कुठेतरी वादळ उठते आणि तिथून निघालेली लाट कित्येक दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागते. तिचा कालावधी, म्हणजे एका लाटेमागून दुसरी यायला लागणारा वेळ, दहा सेकंदांचा असेल तर खोल पाण्यात तिचा वेग सेकंदाला पंधरा-सोळा मीटर असतो. तळ वर येऊ लागला की ती मंदावते आणि उंच होते, आणि पाण्याची खोली तिच्या उंचीच्या साधारण 1.3 पट उरली की फुटते. म्हणजे मीटरभर उंचीची लाट छातीभर पाण्यात फुटते, बरोबर तिथे, जिथे प्रशिक्षक उभा असतो. त्या खोलीला तिचा वेग सेकंदाला साडेतीन मीटरच्या आसपास. आणि मी? अंबाझरीकडच्या जलतरण तलावात पाय न हलवता नुसत्या हातांनी पंचवीस मीटर जायला मला बत्तीस सेकंद लागत होती. सेकंदाला पाऊण मीटर. बोर्डावर याहून थोडे अधिक जाता येते आणि लाटेचा उतार उरलेले काम करतो, पण तो उतार अगदी योग्य क्षणी अंगाखाली असावा लागतो. तळहात ही वेगाची तूट भरून काढतो, एवढेच आधी माझ्या लक्षात आले होते. त्याहून मोठी गोष्ट नंतर दिसली. येणाऱ्या दहा लाटांतून एक निवडणे, ती जिथे फुटणार तिथे आधीच जाऊन थांबणे, बोर्डाची दिशा लावणे, क्षण ओळखणे, ही सगळी कामे तोच करत होता. माझ्या वाट्याला शेवटचा एक सेकंद उरत होता, उठून उभे राहण्याचा. मी त्या एका सेकंदाला सर्फिंग समजत होते.

मग मोठ्या वयात प्रशिक्षक असावा की नसावा? मला हा प्रश्न मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण माझ्याजवळ वेळ नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत चार-पाच दिवस, पंधरा ऑगस्टला जोडून आणखी तीन-चार, यापलीकडे वर्षातून समुद्र माझ्या वाट्याला येत नाही. दीड तास पाण्यात काढले तरी लाटेवर उभी असल्याचा एकूण वेळ मिनिटभर भरत नाही. किनाऱ्यावरची मुले जे दहा वर्षे रोज पाण्यात राहून मिळवतात, ते मला आठ दिवसांत मिळणार नाही, ही साधी बेरीज आहे. म्हणून कोणीतरी वाट दाखवणारा हवा, हे मी मान्य करते. पण वाट दाखवणे आणि पाठीवर घेऊन जाणे या दोन गोष्टी पाण्यात इतक्या सारख्या दिसतात, की शिकणाऱ्याला फरक कळत नाही, आणि शिकवणाऱ्यालाही पुष्कळदा तो कळवून द्यायचा नसतो. पैसे देऊन आलेल्या माणसाने लाट न मिळता परत जावे, हे कोणाला परवडते?

दुसऱ्या टोकाचे शिक्षकही मला भेटले. एक जण अत्यंत तळमळीने शिकवायचे, पण मी लाटेवर असताना किनाऱ्यावरून एकामागून एक सूचना द्यायचे. गुडघे वाकवा, मागचा पाय आडवा, हात सैल, हनुवटी वर, वजन पुढे. प्रत्येक सूचना बरोबर होती. सगळ्या एकदम ऐकल्या की माझे शरीर लाकडासारखे व्हायचे. गाब्रिएले वुल्फ या संशोधिकेने सहकाऱ्यांबरोबर 1998 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला तेव्हा फार जवळचा वाटला. बर्फावरच्या स्कीइंगसारखी हालचाल करायला लावणाऱ्या यंत्रावर त्यांनी लोकांना उभे केले. काहींना स्वतःच्या पायांकडे लक्ष द्यायला सांगितले, काहींना पायांखालच्या फळीच्या चाकांकडे. चाकांकडे लक्ष देणारे अधिक चांगले शिकले. वुल्फ यांना ही कल्पना स्वतः विंडसर्फिंग करताना सुचली होती, पायांचा विचार सोडून बोर्डाच्या कलाकडे लक्ष दिल्यावर. आपण अवयवांवर पहारा ठेवला की ते बावरतात, आणि बाहेरच्या एखाद्या गोष्टीकडे लक्ष लावले की आपले आपण काम करू लागतात, हे मी पोळी लाटताना, स्कूटर चालवताना रोज अनुभवते. तरी पाण्यात गेल्यावर विसरते.

कोवलमचा हा मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा आहे. केरळातले कोवलम वेगळे, हे चेन्नईच्या दक्षिणेला महाबलीपुरमच्या वाटेवर आहे, मूळची मासेमारांची वस्ती. त्याच्या आजोबांच्या काळी लोक लाकडाचे ओंडके दोराने बांधून केलेल्या कट्टुमरमवर समुद्रात जायचे. तो स्वतः लहानपणी मोडक्या फळीवर पालथा पडून लाटा घ्यायचा. तुला कोणी शिकवले, असे मी विचारले तेव्हा त्याला प्रश्नच नीट समजला नाही. थोडा वेळ विचार करून त्याने पाण्याकडे हात केला.

त्याच मुलाने मला आजवरचा सर्वांत मोलाचा धडा दिला, आणि तो कोरड्या वाळूवर. हो म्हटल्याच्या त्याच सकाळी, माझा चेहरा पाहून असेल किंवा वारा उलटा सुटल्यामुळे असेल, त्याने बोर्ड बाजूला ठेवले आणि मला शेजारी बसवले. दूर बोट दाखवून म्हणाला, "कौनसा?" म्हणजे, यातली कोणती लाट घेण्याजोगी आहे ते आधीच सांगायचे. मी एक सांगितली. ती आली आणि एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, भिंत कोसळावी तशी पडली. मी दुसरी सांगितली. ती फुटलीच नाही, फुगली आणि किनाऱ्याच्या अगदी जवळ येऊन विरली. तो काही बोलत नव्हता. फक्त पुढची लाट येण्याआधी पुन्हा विचारत होता, "कौनसा?" अर्ध्या तासात माझे दहा-बारा अंदाज चुकले. ऊन वर आले, मानेवर मीठ चुरचुरू लागले. मग हळूहळू मला दिसू लागले, की पाण्यावरची जी रेघ सगळीकडून सारखी जाड असते ती एकदम पडते, आणि जिच्यात एका जागी उंचवटा गडद असून एका बाजूला ती निमुळती होत जाते, ती त्या बाजूला उलगडत जाते. लाटा चार-पाचच्या जथ्याने येतात आणि मध्ये बराच वेळ पाणी निवांत असते, हेही तेव्हाच दिसले. विसाव्या वेळी मी म्हटले, ही, डावीकडे जाईल. ती डावीकडे गेली. त्याने माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली आणि उठून चहाला गेला. त्या एका लाटेचा आनंद, जिला मी स्पर्शही केला नव्हता, आजवर घेतलेल्या कुठल्याही लाटेहून अधिक होता.

उरलेले महिने नागपुरात काढायचे असतात. गच्चीवर मी खडूने नऊ फुटांच्या बोर्डाची आकृती काढली आहे. उन्हाळ्यात आईच्या कुरडया आणि सांडग्यांचे पसारे चुकवून, सूर्य यायच्या आत तिथे पालथे पडायचे आणि एका झेपेत उभे राहायचे. ऊन आले की फरशी तापत जाते, तळहाताला खडू आणि धूळ चिकटते. रात्री मी हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा लाटांचा अंदाज पाहते. जिथे जाणार नाही अशा किनाऱ्यावर उद्या किती उंचीची लाट असेल, हे कूलरच्या वाळ्याच्या वासात बसून वाचण्यात एक वेगळीच हुरहुर आहे.

आणि तलाव आहे. तिथे एक वयस्क उस्ताद आहेत, चाळीसेक वर्षे मुलांना पोहायला शिकवतात. समुद्र त्यांनी एकदाच पाहिला आहे, रामेश्वरला गेले होते तेव्हा. सर्फिंग म्हणजे काय ते मी त्यांना काठावर पालथे पडून दाखवले, मग पाण्यात उतरून हात मारून दाखवले. माझ्या मते माझे हात कमजोर होते, खांदे लहान होते, वय झाले होते. त्यांनी सहा फेऱ्या नुसत्या पाहिल्या. काठाकाठाने माझ्याबरोबर चालत होते, पांढऱ्या धोतराचा सोगा एका हातात धरून. सातव्या फेरीला खाली वाकून म्हणाले, "मॅडम, दम काहून धरून राहिल्या?"

मी श्वास रोखून धरत होते. हात मारायला लागल्यापासून थांबेपर्यंत एकदाही सोडत नव्हते. लाट मागून येताना मी जे करत असेन तेच मी त्या शांत, क्लोरीनच्या वासाच्या पाण्यात करत होते, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. दहा-बारा हातांत दम संपायचा, खांदे भरून यायचे, आणि मी त्याला कमजोरी म्हणत होते. बाकी काहीही न बदलता, हाताच्या लयीत श्वास सोडत राहिल्याने महिन्याभरात बत्तीस सेकंदांची सव्वीस झाली. ज्या माणसाने आयुष्यात सर्फबोर्ड पाहिला नाही, त्याने हे सहा फेऱ्यांत ओळखले. याआधीच्या कोणाला ते का दिसले नसावे, याचा मी पुष्कळ विचार केला. ते माझ्यामागे उभे असायचे. ढकलणाऱ्याला शिकणाऱ्याचे तोंड दिसत नाही.

हे सगळे मनात असताना वर्गात उभे राहणे अवघड होऊन बसले. बारावीची मुले उदाहरण घेऊन येतात आणि म्हणतात, "मॅडम, फक्त सुरुवात सांगा, पुढचं आम्ही करतो." मी वर्षानुवर्षे सुरुवात सांगत आले. आकृती काढून द्यायची, कुठले सूत्र लागेल ते खुणावायचे, आणि मग ती मुले भराभर उत्तरापर्यंत जायची आणि आम्ही दोघे समाधानी व्हायचो. पण कुठले सूत्र लागेल हे ओळखणे म्हणजेच तर ते उदाहरण होते. पुढचा सगळा हिशेब वाळूकडे घरंगळत जाण्यासारखा. जुलैमध्ये एका मुलीने उताराच्या पृष्ठभागावरचे असेच उदाहरण आणले, तेव्हा मी तिच्यासमोर गप्प बसून राहिले. तिने पेन्सिल टोकरली, आकृती काढली, खोडली, पुन्हा चुकीची काढली. घड्याळाकडे मी पाहत होते, अकरा मिनिटे गेली. तिचे डोळे भरून आले आणि मला अपराधी वाटले. शेवटी मी बाण कुठल्या दिशेला काढायचा तेवढे सांगितलेच. अकराव्या मिनिटाला सांगायला हवे होते, की पंधराव्या, की मुळीच नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. दोन दिवसांनी ती दुसरे उदाहरण घेऊन आली, आकृती काढलेली. त्यातला एक बाण चुकला होता. बाकीचे सगळे तिचे होते.

ऑगस्टमध्ये मी पुन्हा कोवलमला गेले. पहिले तीन दिवस त्या मुलाने विचारले नाही आणि मी मागितले नाही. तो थोड्या अंतरावर स्वतःच्या बोर्डावर बसून राहायचा आणि अधूनमधून, मी चुकीच्या लाटेमागे लागले की नुसता "नो" म्हणायचा. तीन दिवसांत मी असंख्य लाटांसाठी हात मारले आणि चार मिळाल्या. त्यातली एक हिरवी होती, म्हणजे अजून न फुटलेली, आणि तिच्यावर मी सरळ किनाऱ्याकडे गेले. लाट डावीकडे उलगडत होती आणि मी मात्र तिला सोडून सरळ, त्यामुळे दोन क्षणांत ती मला गाठून वर कोसळली. नाकातोंडात पाणी गेले तरी त्या दोन क्षणांत बोर्डाखालचे पाणी अगदी शांत, काचेसारखे सरकत होते. तो आवाज मी अजून ऐकू शकते. आवाज म्हणण्यापेक्षा आवाज थांबल्याची जाणीव.

शेवटच्या सकाळी मला एकच गोष्ट करून पाहायची होती. लाटेच्या तोंडावर डावीकडे वळणे. त्यासाठी लाट हवी होती, आणि माझे खांदे संपले होते. गाडी रात्रीची होती. मी त्याला हाक मारली. तो बोर्डावरून उतरला आणि पाण्यातून चालत माझ्या शेपटीशी येऊन उभा राहिला. जथा येत होता. पहिली लाट मी जाऊ दिली. दुसरी सगळीकडून सारखी जाड होती, तीही जाऊ दिली. तिसरीत उंचवटा दिसला, आमच्या थोडा उजवीकडे, आणि डावीकडे ती निमुळती होत गेलेली. मी दोन हात मारून बोर्ड तिच्या जागेवर नेला आणि नाक तिरके लावले.

"ही," मी म्हटले. "पुश."

"नो, मॅडम. नेक्स्ट."

मी पुन्हा मागे पाहिले. गडद पट्टा वर चढत होता आणि त्याची डावी कड अजून खाली होती.

"ही," मी म्हटले.

त्याने एकदा लाटेकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि तळहात टेकवला. मी श्वास सोडला आणि डावीकडे, वाळूवर ओढून ठेवलेल्या निळ्या होडीवर नजर लावली.